माग आणि मागोवा : किशोर वाचक, रहस्यकथा आणि जुन्नर-आंबेगावचा प्रदेश

१

मराठी रहस्यकथेचा जो काही त्रोटक इतिहास आजवर लिहिला गेला आहे, तो प्रामुख्याने लेखकांचा आणि नायकांचा इतिहास आहे. कोणत्या लेखकाच्या नावावर किती पुस्तके जमा आहेत, कोणता नायक कोणत्या इंग्रजी नायकाच्या धर्तीवर बेतला गेला, अशा नोंदी त्यात सापडतात. ही पुस्तके ज्याने वाचली त्या वाचकाचे मात्र त्यात नावही नाही. हा वाचक मोठ्या प्रमाणावर बारा ते अठरा वर्षे वयाचा होता. बालवाङ्मय त्याच्या हातून सुटलेले होते आणि प्रौढ ललित वाङ्मयात त्याचा अद्याप प्रवेश झालेला नव्हता. अशा मधल्या वयाच्या वाचकाला वाङ्मयेतिहासात स्वतंत्र जागा नाही. आणि तो पुण्या-मुंबईबाहेरचा असेल, तर त्याच्याविषयीचे मौन अधिकच गडद होते.

प्रस्तुत विवेचनासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, त्यातून कोकणात उतरणारे घाट, कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी, पूर्वेला कालव्यांच्या पाण्यावर पिकणारा सपाट मुलूख आणि मंचर, नारायणगाव, आळेफाटा या गावांवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता, अशी या प्रदेशाची ढोबळ रचना आहे. रहस्यकथेच्या दृष्टीने तो परिघावरचा प्रदेश होय. या वाङ्मयप्रकाराच्या कथाभूमीत त्याला मध्यवर्ती स्थान कधी मिळाले नाही. तथापि परिघावरून पाहिले असता मध्यवर्ती भागातील काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. रहस्यकथा वाचण्याची सवय म्हणजे नेमकी कशाची सवय, हा प्रश्न त्यांपैकी एक आहे.

२

प्रथम भाषेकडे वळणे योग्य ठरेल. गुन्ह्याच्या शोधासंबंधी मराठीत जे शब्द रूढ आहेत ते विचारात घेण्याजोगे आहेत. 'माग काढणे' यातील 'माग' म्हणजे पावलांचा मार्ग; चुकलेल्या गुराचा, जनावराचा किंवा चोराचा. 'मागोवा' आणि 'मागमूस' हे शब्द त्याच कुळातले आहेत. 'थांग लागणे' यातील थांग हा पाण्याच्या खोलीचा आहे. 'धागेदोरे' विणकामातून आले आहेत. 'खूण पटणे' यातील खूण शेताच्या बांधावर, झाडाच्या बुंध्यावर आणि गुराच्या अंगावरही असते. शोधाची ही परिभाषा शिवारात, रानात आणि पाणवठ्यावर घडलेली आहे. पोलीस ठाणे, न्यायालय आणि प्रयोगशाळा या संस्थांचे शब्द तिच्यात नंतर येऊन मिसळले.

या परिभाषेमागे प्रत्यक्ष व्यवहार होता. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये नव्याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढणे हे त्याचे काम असे. मापून जुळविलेला माग शेजारच्या गावच्या हद्दीत गेला आहे, अशी त्या गावच्या राखणदाराची खात्री पटविली की पहिल्या गावची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. शोधाच्या या पद्धतीत पुरावा, त्याचे मापन, साक्षीदारासमोर त्याची सिद्धता आणि जबाबदारीचे हस्तांतरण हे सर्व घटक आहेत. शेरलॉक होम्स राखेवरून आणि चिखलावरून अनुमाने काढू लागला, त्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनच्या गावांत हे शास्त्र पाटील-कुलकर्ण्यांच्या कारभाराचा भाग होते. ते ज्यांच्या हाती होते ते महार, रामोशी, भिल्ल हे लोक मात्र लिखित वाङ्मयाच्या बाहेर राहिले.

इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग याने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात कलासमीक्षक मोरेली, फ्रॉइड आणि होम्स यांच्या पद्धतींतील साम्य दाखवून दिले आहे. क्षुल्लक वाटणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या वस्तुस्थितीकडे जाणे, हे ते साम्य. या पद्धतीचे मूळ त्याने शिकाऱ्याच्या विद्येत शोधले असून, चिखलातल्या पावलांवरून 'येथून कोणी तरी गेले' असे सांगणारा शिकारी हाच कदाचित पहिला कथनकार असावा, अशी सूचना केली आहे. मराठीच्या संदर्भात हे मत वेगळ्या पुराव्याशिवाय पटण्याजोगे आहे, कारण 'माग' हा एकच शब्द येथे शिकारी, राखणदार आणि गुप्तहेर या तिघांनाही पुरतो.

३

शोधाची भाषा अशी शिवारातली असली, तरी मराठी रहस्यकथा मात्र शहरात वाढली. तिची पूर्वपीठिका अद्भुतरम्य कादंबरीत आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभीच्या प्रवृत्तींची 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशी जी त्रिविध विभागणी केली, तीत रहस्यरंजनाची जागा 'मुक्तामाला'च्या (१८६१) बाजूला पडते. पुढे रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा आधार घेऊन गो. ना. दातार यांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांतून भुयारे, गुप्त दरवाजे आणि वेषांतरे मराठी वाचकाच्या परिचयाची झाली. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने त्यांना काल्पनिक गतकालाची पार्श्वभूमी दिली. या कादंबऱ्यांत गड होते, घनदाट रान होते; परंतु ते कोणत्याही नकाशावर दाखविता येणारे नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यास बाबुराव अर्नाळकरांनी या परंपरेला वेगळे वळण दिले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू हे त्यांचे नायक मुंबईच्या रस्त्यांवरून वावरतात. मोटार, दूरध्वनी, उपाहारगृह, बंदर, श्रीमंताचा बंगला आणि पोलीस कचेरी ही त्यांच्या जगाची चिन्हे. पुढील काळात गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी ही वाट अधिक रुंद केली. शिरवळकरांच्या दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास या नायकांनी एका संपूर्ण तरुण पिढीला झपाटले, आणि त्याच लेखकाच्या 'दुनियादारी'ने त्या पिढीला रहस्यकथेतून सामाजिक कादंबरीकडे आणून सोडले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय आणि गूढ यांचे दालन उघडले. 'नवल' आणि 'धनंजय' यांसारख्या अंकांनी या सर्व प्रकारांना दरवर्षी दिवाळीचे निमित्त मिळवून दिले.

हे सर्व वाङ्मय प्रौढांसाठी लिहिले गेले, पण किशोरांनीही ते आपलेसे केले. खास किशोरांसाठी लिहिलेल्या साहसकथेत भा. रा. भागवतांचे (१९१०–२००१) स्थान अनन्य आहे. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे पुण्याच्या वेशीवरच्या खेड्यातला मुलगा असून पुण्यातल्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने किडकिडीत, सायकलवर स्वार, आणि धोक्याची चाहूल लागली की जिभेने 'टॉक्' असा आवाज काढणारा हा नायक मराठी किशोरवाङ्मयात ठसठशीतपणे उभा राहिला. त्याच्या गावाचे नाव खरे आहे, आणि ते पुस्तकाच्या शीर्षकातच येते. पुस्तकात आपल्यासारख्या गावाचे नाव छापलेले पाहणे हा पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतील वाचकाला मोठा दिलासा होता. तरीही फेण्याच्या पराक्रमासाठी भागवतांना त्याला शहरात आणि पुढे प्रतापगड, गुलमर्ग अशा प्रसिद्ध स्थळी न्यावे लागले, हेही लक्षात घ्यावयास हवे. फुरसुंगी हे नायकाचे जन्मस्थान राहिले. रहस्य घडण्याचे मुख्य ठिकाण दुसरीकडे गेले. त्याच नायकावर २०१७ मध्ये निघालेल्या चित्रपटात बनेशचे वय वाढले आणि कथेचा सगळा भार पुणे शहरावर पडला. जी प्रक्रिया पुस्तकांत सुरू झाली होती, ती तेथे पूर्ण झाली असे म्हणता येईल.

४

तालुक्याच्या गावातला किशोर ही पुस्तके कशी वाचत असे, हा यानंतरचा प्रश्न. वाचनाच्या इतिहासाला पुस्तकाच्या भौतिक रूपाकडे दुर्लक्ष करता येत नाही. स्वस्त कागदावर छापलेली, एका बैठकीत संपणारी रहस्यकथा एसटीच्या स्थानकावरील विक्रेत्याकडे मिळे, पण विकत घेणारा एक आणि वाचणारे दहा असा तिचा हिशेब असे. दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने हा तिचा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग सार्वजनिक वाचनालयाचा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदान आणि अ, ब, क, ड अशी वर्गवारी यांच्या आधाराने तालुक्यांतून आणि खेड्यांतून वाचनालयांचे जाळे वाढले. चौथा मार्ग शाळेचा. 'बालभारती'ने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेले 'किशोर' मासिक ज्या गावात पुस्तकाचे दुकान नव्हते तेथेही शाळेच्या द्वारे पोचले.

या चार मार्गांनी येणाऱ्या वाचनाची प्रतिष्ठा सारखी नव्हती. 'किशोर' वर्गात उघडपणे वाचता येई. अर्नाळकर आणि नाईक यांना पाठ्यपुस्तकाच्या आत दडवावे लागे. रहस्यकथा चोरून वाचण्याची ही रीत वाङ्मयप्रकाराच्या आशयाशी सुसंगत होती. वाचकालाही पाळत चुकवावी लागत होती, पुरावा लपवावा लागत होता आणि पकडले गेल्यास जबाब द्यावा लागत होता. मुलींच्या बाबतीत ही पाळत दुहेरी असे. वाचनालयापर्यंत जाण्याची मोकळीक भावाला, आणि त्याने आणलेले पुस्तक तो परत करीपर्यंतच्या फटीत वाचून काढण्याची संधी बहिणीला, अशी वाटणी अनेक घरांत होती. त्यामुळे देवघेवीच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच वाचक, असे धरून चालणारा इतिहास निम्म्या वाचकवर्गाला मुकतो. या कथांमधील नायक जवळजवळ सर्वत्र पुरुष आहेत, हे खरे. म्हणून त्यांच्या वाचक मुली नव्हत्या असा निष्कर्ष काढणे म्हणजे संहितेवरून वाचकाचे अनुमान करण्याची घाई होय.

भाड्याच्या आणि हातोहात फिरणाऱ्या पुस्तकांचे आणखी एक वैशिष्ट्य होते. त्यांची शेवटची पाने पुष्कळदा गळलेली असत. क्वचित एखादा खोडसाळ पूर्ववाचक पहिल्याच पानावर गुन्हेगाराचे नाव लिहून ठेवी. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि दुसरी चालू असलेल्या शोधाची, असे त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ मध्ये प्रतिपादन केले. दुसरी कथा पहिलीला हळूहळू प्रकट करीत जाते आणि शेवटी दोन्ही एकत्र येतात. शेवटचे पान नसलेल्या प्रतीत त्या एकत्र येत नाहीत. ते काम वाचकालाच करावे लागते. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तात संहितेतील रिक्त जागांची पुष्कळ चर्चा झाली आहे. येथे ती रिक्त जागा शब्दशः कागदाची होती. फाटलेल्या शेवटामुळे तालुक्याच्या गावातल्या अनेक वाचकांना अनुमानाचा सराव घडला. आपले अनुमान बरोबर की चूक हे कळण्यासाठी संपूर्ण प्रत वाचलेला दुसरा वाचक गाठावा लागे, आणि त्यातून वाचनाचे रूपांतर वादात आणि चर्चेत होई. 'हाच गुन्हेगार कशावरून?' हा त्या चर्चेतला कळीचा प्रश्न असे.

अभिरुचीचे स्तरही या वाचकांनी स्वतः निर्माण केले होते. योगायोगाने सुटणारे रहस्य, शेवटच्या प्रकरणात प्रथमच प्रवेश करणारा गुन्हेगार, वाचकापासून लपविलेला पुरावा या गोष्टी त्यांना खटकत. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स हाती पडला की या तक्रारींना मापदंड मिळे. पुढे सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आला, तेव्हा स्वतः किशोर असलेला तोपशे ही कथा सांगतो, हे या वाचकांना विशेष भावणे स्वाभाविक होते. झुंजारपासून होम्सपर्यंत आणि होम्सपासून फेलूदापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही अभ्यासक्रमाने आखून दिलेला नव्हता. समीक्षेने ज्याला अभिरुचिहीन मानले त्या वाचकवर्गात निकषांची घडण चालू होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

५

हे वाचन ज्या प्रदेशात चालले होते तो प्रदेशच न वाचलेल्या खुणांनी भरलेला होता. जुन्नरच्या परिसरात लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक शैलखोदकामे आहेत. पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, असे लोकपरंपरा सांगते. लेण्यांतले ब्राह्मी लेख निराळेच सांगतात. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आणि पाण्याचे टाके, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख, इरिल, चिट आणि चंद या यवन दात्यांची नावे. या तपशिलांतून एका गजबजलेल्या व्यापारी नगराचे चित्र उभे राहते. लोककथा आणि लेख यांच्यातील हे अंतर म्हणजे रहस्यकथेतल्या सर्वमान्य समजुतीचे आणि पुराव्याचे अंतर आहे.

नाणेघाटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या या प्राचीन घाटाच्या माथ्यावर एक लेणे असून त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या निमित्ताने दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे अशा दानांची अंकांसह नोंद आहे. समोरच्या भिंतीवर एके काळी राजपुरुषांच्या प्रतिमा होत्या. आज वर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे कोरलेली दिसतात आणि खाली केवळ पायांचे अवशेष उरले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम साइक्सने या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तो वाचण्यासाठी भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांचे श्रम लागले, आणि ब्यूलरचे वाचन १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. खंडित ओळी, झिजलेली अक्षरे, नाव आहे पण व्यक्ती नाही, पावले आहेत पण देह नाही, अशा सामग्रीतून एका घराण्याची वंशावळ सिद्ध करण्याचे हे काम 'माग काढणे' या क्रियापदाच्या मूळ अर्थाशी अत्यंत जवळचे आहे. घाटातल्या दगडी रांजणाची, जकातीच्या नाण्यांची गोष्ट शाळेच्या सहलीतल्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते. भिंतीवरच्या वाचनाची गोष्ट त्या मानाने क्वचितच.

आंबेगाव तालुक्याच्या नावातच एक कोडे आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली. ज्याचे नाव राहिले आणि स्थळ गेले, अशा गावाच्या सभोवती वाढणाऱ्या मुलाला 'थांग' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. दुसरीकडे नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपतात, आणि त्या संकेतांवरून दूरच्या, कदाचित नाहीशाही झालेल्या वस्तूंविषयी अनुमाने केली जातात. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून जयंत नारळीकरांनी ज्या मराठी विज्ञानकथेला नवे बळ दिले, तिच्याकडे रहस्यकथेचे किशोर वाचक मोठ्या संख्येने वळले, यात नवल नाही. खुणेवरून कारणाकडे जाण्याची सवय दोन्हींकडे एकच आहे.

६

या सवयीचे मोल केवळ वाङ्मयीन नाही, हे दाखविणारी घटना याच प्रदेशात घडली. कालव्यांच्या पाण्याने उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्याला उसात लपण, पाणी व भक्ष्य मिळू लागले. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ल्यांत एकाएकी वाढ झाली. लहान मुले बळी पडली, गावे भयग्रस्त झाली. बिबट्या माजला आहे, त्याला पकडून दूरच्या जंगलात सोडावे, हे उत्तर सर्वांना उघड वाटत होते आणि तसे करण्यातही येत होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनांचा पद्धतशीर अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार स्थलांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वी हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती, नंतर ती १७ वर गेली. पकडून अनोळखी मुलखात सोडलेली जनावरे हेच संकट वाढण्याचे कारण असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्याला उपाय समजले जात होते तोच प्रश्नाचा भाग ठरला.

रहस्यकथेच्या परिभाषेत सांगायचे तर येथे गुन्हा होता, सर्वांना मान्य असा संशयित होता, आणि घाईने दिलेली शिक्षा होती. नोंदी ठेवणे, घटनांचा क्रम लावणे, उघड वाटणाऱ्या उत्तराविषयी साशंक राहणे, या रीतीने सत्याकडे जाता आले. या अभ्यासाचे श्रेय रहस्यकथेला देण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु 'हाच गुन्हेगार कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची सवय समाजात कोठे आणि कशी रुजते, याचा विचार करताना भाड्याच्या दुकानातल्या फाटक्या पुस्तकांना वगळता येणार नाही. बिबट्याच्या पंजाचा ठसा पाहून जनावर केव्हा आणि कोणीकडे गेले हे सांगणारे लोक सह्याद्रीच्या पायथ्याच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत आहेत. त्यांच्या घरातले शाळेत जाणारे मूल जेव्हा रहस्यकथा हाती घेते, तेव्हा त्याच्यापाशी एक वारशाने आलेली विद्या असते. आणि जे पुस्तक ते वाचते त्यात त्या विद्येची मुळीच ओळख नसते.

७

समीक्षेने या वाङ्मयाविषयी घेतलेली भूमिका आता तपासता येईल. का. बा. मराठे यांच्या १८७२ च्या 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंधा'पासून वि. का. राजवाडे यांच्या १९०२ च्या कादंबरीविषयक निबंधापर्यंत आणि तेथून पुढेही, अद्भुताकडून वास्तवाकडे जाणे हीच मराठी कादंबरीची प्रगती मानली गेली. या दृष्टीत रहस्यकथा ही ओलांडून जाण्याची पायरी ठरते, आणि तिचा वाचक अपक्व. त्यातून सर्वांत मोठी हानी झाली ती रहस्यकथेतील वास्तवाच्या अंगाची. गुन्ह्याचा शोध हा कोणत्या तरी ठिकाणी, विशिष्ट जमिनीवर, विशिष्ट लोकांमध्ये घडतो. ती जमीन जितकी नेमकी, तितका पुरावा नेमका. समीक्षेने लेखकांकडून या नेमकेपणाची अपेक्षाच केली नाही. त्यामुळे मुंबईतील बंगला आणि कोणत्याही नकाशावर नसलेला गड या दोन ठराविक स्थळांपलीकडे जाण्याची निकड या लेखकांना फारशी भासली नाही.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. वाचकाला आपल्याच गावाचे चित्रण हवे असते असे कोठे आहे? दूरचे, चकचकीत, अनोळखी जग हेच तर रहस्यकथेचे आकर्षण. आक्षेपात तथ्य आहे. मुंबई न पाहिलेल्या वाचकाला अर्नाळकरांनी मुंबईची एक वाचनीय प्रतिमा दिली, आणि पुढे नोकरीसाठी त्या शहरात जाणाऱ्या तरुणाला ती उपयोगीही पडली असेल. परंतु दूरच्या जगाचे आकर्षण आणि स्वतःच्या जगाचे अस्तित्व या गोष्टी परस्परविरोधी नाहीत. फुरसुंगीचे नाव छापलेले पाहून वाचकाला जो आनंद झाला, तो गुलमर्गच्या आनंदाने कमी झाला नाही. ज्या प्रदेशातील मुलाला कधीच आपले शिवार पुस्तकात सापडत नाही, त्याच्या मनात मात्र एक समज नकळत दृढ होतो : शोध घेण्यासारखे काही घडते ते दुसरीकडे, येथे घडते ते नशिबाने, देवाच्या कोपाने किंवा पांडवांच्या कृपेने.

या वाचकाचा इतिहास लिहिण्यासाठी साधने शिल्लक आहेत. वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावरील परतीच्या तारखा, देवघेवीच्या नोंदवह्या, पानांच्या कडेला पेन्सिलीने केलेले तर्क, बांधणी करताना वगळली गेलेली मुखपृष्ठे, भाड्याच्या दुकानांचे शिक्के. ही सामग्री जुनी पुस्तके रद्दीत जात असताना झपाट्याने नाहीशी होत आहे. 'किशोर'चे जुने अंक 'बालभारती'ने आता संगणकीय रूपात खुले केले आहेत, त्यामुळे छापलेल्या मजकुराची चिंता काही अंशी मिटली आहे. वाचकाच्या खुणा मात्र त्या त्या गावच्या त्या त्या प्रतीवरच असतात, आणि मजकूर जतन करणारी यंत्रणा त्यांची दखल घेत नाही. हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या पुस्तकांची संपूर्ण सूची होणे जितके आवश्यक, तितकेच एखाद्या तालुका वाचनालयातील त्यांच्या पन्नास प्रतींचे बारकाईने वाचन होणेही आवश्यक आहे. जुन्नर, घोडेगाव, मंचर, नारायणगाव आणि ओतूर येथून असे काम सुरू झाले, तर मराठी वाङ्मयेतिहासात आजवर केवळ विक्रीच्या आकड्यांत मोजला गेलेला वाचक प्रथमच व्यक्ती म्हणून दिसू लागेल. नाणेघाटातल्या भिंतीपाशी अभ्यासकांना जे करावे लागले तेच येथेही करावे लागणार आहे : वरची नावे वाचायची, खाली उरलेली पावले मोजायची, आणि त्यांवरून कोण येऊन गेले हे ठरवायचे.